माशांचा रकाना

माझे सासरे कुठलाही रकाना मोकळा सोडत नसत. फॉर्म ऑफिसचा असो, रेशनचा असो नाहीतर लायब्ररीचा, मोकळी जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे. लिहिण्यासारखं काही असलं तर ते लिहीत, नसलं तर सुबक, उजवीकडे जराशा झुकलेल्या अक्षरांत ‘निल’ लिहून खाली बारीक रेघ ओढत. आमच्या सांगलीच्या कचेऱ्यांत अशा जागी ‘निरंक’ लिहितात. लग्न होऊन मी मद्रासला आले तेव्हा तोच निरंक इथे इंग्रजी कपडे घालून बसलेला भेटला. सासरे सरकारी नोकरीत विजेचे इंजिनियर होते आणि त्या नोकरीने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. रकाना मोकळा राहिला की फाईल परत येते, निल लिहिलं की पुढे जाते. त्यामुळे निल हा शब्द त्यांना फार प्रिय होता, आणि तो खरा की खोटा याची चौकशी ते फारशी करत नसत.

हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. रेशनकार्डात माझं नाव चढवायचं होतं. ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी माझ्या नावापुढे ‘प्राध्यापिका’ लिहिलं, कारण मी तांबरमच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले होते. वरच्या ओळीत सासूबाई होत्या. सकाळी दारात कोलमची रांगोळी काढण्यापासून रात्री ओटा पुसण्यापर्यंत जी बाई एका जागी बसलेली मी पाहिली नव्हती, तिच्या नावापुढे व्यवसाय: निल. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझं डोकं लवकर तापायचं. मी बोलले. सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाढ्यांबद्दल तक्रार करत होते. सासूबाई मात्र हसल्या.

“असूं दे की मा. तीस वर्षें निलच अहे. काय बिघडलें?”

मला राग आला होता आणि त्यांना आला नव्हता, त्यामुळे माझा आणखी वाढला.

हे असं बोलणं तंजावरचं. सासरच्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले ते आपलं मराठी गाठोड्यात बांधून, आणि पुढे नवं मराठी न्यायला कोणी परत आलंच नाही. घरात जुनं मराठी, त्यात जागोजागी तमिळ शब्द आणि सगळ्यावर तमिळ हेल. पहिले सहा महिने मला निम्मं समजत नसे. त्यांना माझं बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटे, आणि बातम्या संपल्या की नाही हे पाहायला ते माझ्या तोंडाकडे बघत थांबत. ‘मा’ हे तमिळमधलं लाडाचं संबोधन. ते मला पहिल्या दिवसापासून मिळालं, आणि भांडणातही कधी काढून घेतलं गेलं नाही.

मांबलमच्या आमच्या घरामागे विहीर होती. पाणी जरासं मचूळ, पिण्याला नाही पण बाकी सगळ्याला चालणारं. एकदा कॉर्पोरेशनचा मलेरियावाला कागद घेऊन आला. विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे मासे आहेत का, असा त्यात एक रकाना होता. सासऱ्यांनी अर्थातच निल लिहिलं, आणि तेव्हा ते खरंही होतं. आठवड्याने तोच माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत नखाएवढे मासे घेऊन आला आणि विहिरीत सोडून गेला. घर शुद्ध शाकाहारी. सासूबाई दोन दिवस तोंड फिरवून पाणी शेंदत होत्या. तिसऱ्या दिवशी वाकून बघायला लागल्या, आणि महिन्याभरात देवाचा नैवेद्य झाला की चार शितं विहिरीत पडू लागली. मी कॉलेजात मासे चिरून घरी आले की मात्र आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर, हा नियम त्यांनी कायम ठेवला.

विहिरीचं पाणी मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून नळांना यायचं. नळाच्या तोंडाला सासूबाई जुन्या धोतराचा तुकडा बांधत, गाळ अडावा म्हणून. मद्रासमध्ये घरोघरचे नळ असे फडकं बांधून उभे असत. दर शुक्रवारी त्या ते फडकं सोडून धूत आणि पुन्हा बांधत. या कामाकडे घरातल्या कोणाचंच, माझंसुद्धा, कधी लक्ष गेलं नव्हतं.

आता सासऱ्यांची योजना. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या एका नदीवर दोन धरणं बांधायची, एक वर, एक खाली. दिवसा विजेची ओढाताण असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. रात्री शहर झोपलं आणि वीज पडून राहिली की तिच्यावर पंप चालवून तेच पाणी परत वर चढवायचं. या योजनेचे नकाशे त्यांनी कित्येक वर्षं काढले होते. ती मंजूर व्हावी आणि कामाचा पहिला नारळ निवृत्त होण्याआधी आपल्या हाताने फुटावा, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही मागताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

योजना ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला कॉफीवर समजावून सांगत. तिथे कॉफी उंच टंबलरमधून पसरट डवऱ्यात आणि डवऱ्यातून परत टंबलरमध्ये ओतून प्यायची पद्धत आहे. टंबलर म्हणजे वरचं धरण, डवरा म्हणजे खालचं. मग पाहुण्याची कॉफी खाली, वर, खाली, वर. “एक थेंब खर्च होत नाहीं. तेंच पाणी वर, तेंच पाणी खालें,” असं म्हणत ते शेवटी टंबलर पाहुण्याच्या हातात देत, तेव्हा त्यातली कॉफी गार झालेली असे आणि थोडी टेबलावर सांडलेली असे. पाणी वर न्यायला जितकी वीज लागते तितकी खाली येताना मिळत नाही, मग फायदा काय, असं मी एकदा विचारलं. त्याचं उत्तर सासूबाईंनीच दिलं. इडलीचं पीठ त्या आदल्या संध्याकाळी वाटून ठेवत. हात आधी दुखतात, इडली सकाळी वेळेवर मिळते. सासरे इतके खूश झाले की पुढे ते पीठही त्यांच्या व्याख्यानात आलं. ते कोणी सुचवलं हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

सगळं ठीक चाललं होतं, एवढ्यात दिल्लीहून एक नवा प्रश्नपत्रिकेसारखा जाडजूड फॉर्म आला. धरणाने जंगलाचं काय होईल, जनावरांचं काय, नदीत कोणते मासे आहेत आणि त्यांचं काय. सासऱ्यांनी तो एका रविवारी सकाळी जेवणाआधी भरून संपवला. झाडं निल, जनावरं निल, मासे निल. झाडांच्या आणि जनावरांच्या रकान्यांना जंगलखात्याने वेगळी उत्तरं दिली म्हणे. माशांच्या रकान्यापुढे दिल्लीवाल्यांनी खूण करून कागद परत पाठवला. इथे या विषयातल्या जाणकाराची सही हवी.

सासऱ्यांनी मान वर करून पाहिलं, तर जाणकार समोर शेंगा सोलत बसली होती.

मी सही करणार नाही म्हटलं. नदी पाहिल्याशिवाय मासे नाहीत असं लिहून देता येत नाही. त्यांना ते समजेना. घरातलं माणूस, घरातलाच कागद. “एक सही की, मा. सही करास काय दुखते?” असं त्यांनी इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की मला हसू आलं आणि भांडणाचा अर्धा जोर तिथेच गेला. माझा नवरा बँकेत होता. घरात वाद सुरू झाला की त्याला पेपर वाचायचा राहिल्याचं आठवे. त्याने तो उघडला आणि पानाआडूनच सांगितलं की मग जाऊन नदी बघून या. त्या घरातल्या वादांत त्याने टाकलेली ही एकमेव भर.

आम्ही गेलो. सासूबाईही निघाल्या, कारण दोन माणसं चार दिवस बाहेर राहणार आणि खाणार काय. चिंचभात, दहीभात, मुरुक्क्यांचा, म्हणजे चकल्यांचा, डबा आणि कॉफीचा फिल्टर एवढं घेऊन त्या जीपमध्ये अशा बसल्या की सासऱ्यांच्या नकाशांची गुंडाळी मला मांडीवर धरावी लागली.

नदीकाठी सरकारी बंगला होता आणि त्याचा एक म्हातारा राखणदार होता. सासऱ्यांनी उतरल्या उतरल्या त्याला तमिळमध्ये विचारलं की या नदीत मासे आहेत का. म्हाताऱ्याने खांद्यावरचा टॉवेल काढून काखेत घेतला आणि ताठ उभा राहून सांगितलं की नाही सार, एकही नाही सार. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्थानिक माणसाचं म्हणणं वहीत लिहून घे, अशी खूण केली. मी लिहून घेतलं.

पुढचे दोन दिवस मी साडी खोचून, कॉलेजचं जाळं घेऊन पाण्यात उभी होते. पाणी असं धावत होतं की जाळ्यात पानांशिवाय काही येईना. एक खेकडा मिळाला, त्याने मला चावून आपली नोंद करून घेतली. एकदा मी घसरून कमरेपर्यंत बसले. सासरे पुलावर उभे राहून सेकंदाला किती पाणी जातं ते मोजत होते. त्यांनी वरून विचारलं, “निल?” मी जाळं पुन्हा पाण्यात टाकलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई बंगल्याच्या मागच्या ओसरीवर म्हाताऱ्याबरोबर बसून शेंगा मोडत होत्या. दुपारी मी चिखलाने माखलेली परत आले, तर त्यांनी ताट वाढता वाढता सहज सांगितलं.

“वरल्या वळणास काठीं बारीक खडी अहे. मासे तिथें पिलें करतात म्हणून तो सांगटला. गावचीं पोरें तिथें पाय ठेवत नाहींत. पावम.”

पावम म्हणजे बिचारे. हा शब्द त्यांचा सगळ्या जगासाठी होता, त्यात नवराही येई.

मी अर्धं जेवण टाकून धावले. वळणावर पाणी घोट्याएवढं होतं आणि खडीत काडीएवढी पिल्लं लुकलुकत होती. त्यांच्यापलीकडे, जिथे धार जोरात होती तिथे, बोटाएवढा पट्टेवाला मासा पोटाने दगडाला धरून बसला होता. सगळी नदी त्याच्या अंगावरून जात होती आणि तो जागचा हलत नव्हता. तसे चांगले पाच-सहा होते. मी पुस्तकात असले मासे पाहिले होते, जिवंत कधी नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच पाण्यात मोठ्याने हसले.

एक मासा जॅमच्या बाटलीत घालून मी सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी आधी माशाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. तू नाही म्हणून का सांगितलंस? म्हाताऱ्याचा टॉवेल पुन्हा काखेत गेला. खुलासा सासूबाईंनी केला. मासे आहेत का असं जो साहेब विचारतो, त्याला ते ताटात हवे असतात. मागचा एक साहेब चार दिवस राहिला होता आणि चारही दिवस म्हातारा गळ टाकून पाण्यात उभा होता. तेव्हापासून साहेबांसाठी नदीत मासे नव्हते.

त्या खडीजवळ उभं राहून मी सासऱ्यांना समजावलं. धरण झालं की खालच्या तळ्याचं पाणी रोज काही पुरुष उंच चढणार आणि रोज तितकंच उतरणार. काठाशी घातलेली अंडी सकाळी पाण्याखाली आणि संध्याकाळी उन्हात. शिवाय पंप पाणी ओढेल तेव्हा पाण्यातलं जे जे आहे ते सगळं त्याच्यात ओढलं जाणार. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की रकाना माशांचा आहे, अंड्यांचा नाही, आणि माशांचं नुकसान निल. मासा त्यांनी स्वतः नदीत सोडला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

घरी आल्यावर आमचं बोलणं बंद झालं. निल टाईप केलेला कागद माझ्या टेबलावर येऊन पडे, आणि मी तो बिनसहीचा त्यांच्या टेबलावर ठेवी. बाकीचा व्यवहार सासूबाईंमार्फत. तिला विचार, कॉफी पाहिजे का? त्यांना सांगा, पाहिजे. सासूबाई दोघांच्या मधे उभ्या राहून तेच तेच वाक्य इकडून तिकडे नेत, आणि एकदा वैतागून म्हणाल्या की आता मीच तुमचा पंप झालें. कागद दिल्लीला पाठवायची मुदत महिन्यावर आली होती आणि निवृत्ती सात महिन्यांवर. रात्री जेवताना सासऱ्यांचा हात ताटात थांबलेला दिसे. मला वाईट वाटत होतं. सही मात्र मी केली नसती.

मग तो शुक्रवार उजाडला. कॉलेजला सुट्टी होती. सासूबाईंनी नळाचं फडकं सोडून धुवायला नेलं होतं आणि सासरे ऑफिसला निघण्याआधी नळाखाली तांब्या भरत होते. अचानक त्यांनी मला हाक मारली. तीन आठवड्यांनी मारलेली पहिली हाक, आणि तीही आनंदाची. मी धावत गेले तर ते तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते आणि तांब्यात आमच्या विहिरीतला एक मासा गोल गोल फिरत होता.

“पाहा मा. पंपांतून गेला, टाकींत गेला, नळांतून आला. जिवंत अहे.”

आपला अबोला आहे हे ते साफ विसरले होते. घरची मोटर एवढीशी, तिची आतली वाट बोटभर, आणि तरी मासा सुखरूप. धरणाच्या पंपातून तर हत्तीचं पिल्लू जाईल एवढी जागा. मग मासे का नाही जाणार? मासा नळाखाली स्वतः येऊन साक्ष देत होता आणि एका माशावरून काही सिद्ध होत नाही, एवढंच मी पुटपुटले. ते तर ‘सप्रयोग सिद्ध’ असं कागदावर कसं लिहायचं त्याच्या विचारात गढले होते.

सासूबाई पिळलेलं फडकं घेऊन आल्या. तांब्यात डोकावल्या.

“हा जिवंत अहे,” त्या म्हणाल्या. “बाकीचे कढीपत्त्याच्या झाडाखालें अहेत.”

त्यांनी फडकं बांधता बांधता सगळं सांगितलं. दर शुक्रवारी फडक्यात मासे सापडतात. कधी दोन, कधी सहा. एखादा जिवंत असला तर त्या त्याला तांब्यातून नेऊन विहिरीत सोडतात. मेलेले झाडाखाली पुरतात, कारण टाकून देणं बरं नाही. जिवंत क्वचितच असतो, आजचं नशीब. हे कधीपासून, असं सासऱ्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही विहिरीतल्या नळीची जाळी काढलीत तेव्हापासून.

ही जाळी सासऱ्यांनीच काढली होती. ती पानांनी तुंबायची आणि टाकी भरायला उशीर व्हायचा. जाळी काढल्याने किती मिनिटं वाचली हे त्यांनी तेव्हा आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं.

“दोन वर्षें झालीं. तूं सांगटलीस कां नाहीं?”

“मज कोण विचारले?”

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. गाठ पक्की बसली का ते त्या ओढून पाहत होत्या. मला मात्र ते कानफटात बसल्यासारखं लागलं. दोन वर्षं मी कॉलेजात माशांवर व्याख्यानं देत होते, आणि तीच दोन वर्षं माशांची एक पाहणी माझ्या घरच्या नळाखाली चालली होती, तीही दर शुक्रवारी, न चुकता. मी तरी कुठे विचारलं होतं?

सासऱ्यांची नजर हळूहळू अंगणातल्या कढीपत्त्याकडे गेली. ते झाड गेली दोन वर्षं असं फोफावलं होतं की शेजारपाजारचे मागून नेत. त्याच्या वासाची तारीफ ते रोज रसम पिताना करत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत. त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना, म्हणून मी आत पळाले. त्या दिवशी ते नुसता ताकभात जेवून ऑफिसला गेले, आणि तोही फोडणीशिवाय.

संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना बोलावून समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. हातात वही, पेन्सिल. कुठल्या महिन्यात मासे जास्त सापडतात? मोठे की पिल्लं? पाऊस झाल्यावर काय होतं? नवरा आपल्याला समोर बसवून काही विचारतो आहे, याचा सासूबाईंना इतका संकोच झाला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी माझ्याकडे बघून दिली. तिसऱ्याला त्या सैलावल्या. मग त्यांनी असं असं सांगितलं की मलाही वही आणावी लागली. पिल्लं पावसाळ्यानंतर येतात. मोटर एकदम सुरू केली की जास्त येतात. बादलीभर पाणी आधी शेंदून विहीर हलवली की मासे खाली जातात आणि कमी येतात, म्हणून मोटर लावण्याआधी त्या दोन वर्षं न चुकता एक बादली शेंदत होत्या. आम्हाला वाटायचं त्यांची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी दिल्लीचा कागद घेतला. माशांच्या रकान्यातल्या निलवर सरळ रेघ मारली, बाजूला आपली छोटी सही केली आणि लिहिलं, ‘आहेत. पुरवणी पाहा.’ पुरवणी त्यांनी मला लिहायला सांगितली. मी सगळं लिहिलं. पट्टेवाले मासे, काठची खडी, रोज चढणारं-उतरणारं पाणी. एक पूर्ण पावसाळा धरून वर्षभर पाहणी करावी. पंपाच्या तोंडाशी जाळ्या बसवाव्यात, आणि पंप एकदम जोरात सुरू करू नये. हे शेवटचं सासूबाईंचं. खाली मी सही केली, या वेळी कोणी न सांगता. सासऱ्यांनी सगळं वाचलं, दोन स्वल्पविराम सुधारले आणि विचारलं, म्हणजे वर्ष जाणार? मी म्हटलं, निदान वर्ष.

“सरी,” ते म्हणाले. तमिळमध्ये याचा अर्थ बरं, एवढाच.

मी जिंकले होते आणि मला अजिबात तसं वाटत नव्हतं. त्यांच्याकडे वर्ष नव्हतं, आणि हे त्यांना निलवर रेघ मारण्याआधीच माहीत होतं.

फाईल दिल्लीत जाऊन पडली. सहा महिन्यांनी निरोप समारंभ झाला. चंदनाचा हार, भिंतीवरचं घड्याळ, कोणीतरी इंग्रजीत केलेलं लांबलचक भाषण. योजनेचं पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर काय व्हायचं ते झालं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सासरे बाजारातून तारेची जाळी घेऊन आले. ती त्यांनी तिहेरी दुमडून विहिरीतल्या नळीच्या तोंडाला बसवली, पानं अडून तुंबणार नाही असा कोन काढायला सकाळ घालवली, आणि मग पिशवीतून एक नारळ काढून विहिरीच्या काठावर फोडला. सासूबाईंनी खोबरं उचललं आणि दुपारी त्याची चटणी केली. टाकी भरायला आता जवळजवळ दुप्पट वेळ लागे.

पुढच्या वर्षी रेशनकार्डं नवी करायची निघाली. सासरे फॉर्म घेऊन बसले. स्वतःच्या नावापुढे ‘निवृत्त’, माझ्यापुढे ‘प्राध्यापिका’. सासूबाईंच्या ओळीवर पेन थांबलं. त्या नळाशी होत्या, शुक्रवार होता. सासऱ्यांनी मान वळवून विचारलं, तुझ्या रकान्यांत काय लिहूं?

“निल लिहा की. मोकळा सोडूं नका, परत येईल.”

सासऱ्यांनी बराच वेळ लावून काहीतरी लिहिलं आणि फॉर्म घडी घालून स्वतः नेऊन दिला. पंधरा दिवसांनी तो परत आला. त्यांच्या आयुष्यात, दिल्लीचा कागद सोडला तर, एकही रकाना मोकळा नसताना परत आलेला हा पहिला फॉर्म. सासूबाईंच्या नावापुढे सुबक, झुकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘फिशरीज, ऑनररी’. रेशन ऑफिसातल्या कारकुनाने त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं होतं. सासऱ्यांनी त्या प्रश्नचिन्हापुढे ‘जागेवर पाहणी करून लिहिले आहे’ असं लिहून फॉर्म परत पाठवला. तो पुन्हा आला, त्यांनी पुन्हा पाठवला. कार्ड अडकलं आणि रेशनची साखर बंद झाली. नवरा म्हणाला, एक शब्द बदला आणि मोकळे व्हा. सासूबाईंनी तर हात जोडले.

सासरे तीन महिने बिनसाखरेची कॉफी प्याले. टंबलरमधून डवऱ्यात, डवऱ्यातून टंबलरमध्ये, शांतपणे. चौथ्या महिन्यात कार्ड आलं तेव्हा रकान्यात तेच शब्द होते, आणि सासूबाईंनी ते कार्ड मला दोनदा वाचायला लावलं.